आधी बोट, मग पट्टा

प्रश्न : मॅडम, नाव छापू नये ही विनंती. मी सातारची, वय 62, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पोट साफ न होण्याचा त्रास तसा जुनाच, पण 2019 मध्ये दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि तेव्हापासून तो हाताबाहेर गेला. सकाळी तास-तास बाथरूममध्ये जातो. यजमान बाहेरून कडी वाजवतात. इसबगोल झालं, चूर्णं झाली, गोड सिरप झालं, रात्रीच्या गोळ्या झाल्या. चार दिवस गुण येतो, मग पहिले पाढे पंचावन्न. मुलगी पुण्यात असते. तिने ऑनलाइन मागवून पोटाला बांधायचा थरथरणारा पट्टा पाठवला, 3,499 रुपयांचा. त्याने गुदगुल्या होतात, बाकी काही नाही. आता तीच म्हणते, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात बद्धकोष्ठतेसाठी विजेच्या पट्ट्याची चाचणी चालू आहे, नाव दे. बारा आठवडे रोज अर्धा तास पट्टा बांधायचा. पण निम्म्या लोकांना डमी पट्टा देणार, त्यात करंटच नाही, आणि कोणाला कुठला ते सांगणार नाहीत. फॉर्म 14 पानांचा, तोही इंग्रजीत. माझ्या वाट्याला डमी आला तर तीन महिने फुकट जायचे. शिवाय या वयात आपला उंदीर करून घ्यावा का? पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिथे जायचं आहे. काय करू?

उत्तर : ताई, तुमचं अक्षर शिक्षिकेचंच आहे. दोन पानांत खाडाखोड फक्त एका जागी, शेवटून दुसऱ्या ओळीत. तिथे तुम्ही काहीतरी लिहिलंत आणि मग त्यावरून पाच-सहा वेळा पेन फिरवलंत. कागद उजेडाकडे धरला की वाचता येतं. ती ओळ मी वर छापलेली नाही. पण माझं उत्तर पट्ट्यापेक्षा त्या ओळीवर जास्त अवलंबून आहे. तुमचं नाव कुठे नाही, तेव्हा मोकळेपणाने बोलते.

शौचाची भावना होते, मल दाराशी येतो आणि तिथे अडतो. कुंथून कुंथून डोळ्यांपुढे अंधारी येते आणि शेवटी बोटाची मदत घ्यावी लागते. कोणी आतून काढतात, कोणी योनीमार्गाच्या बाजूने मागे दाब देतात, कोणी नुसतं मागून उचलून धरतात. मी पंचवीस वर्षं याच कामात आहे. न विचारता हे सांगणाऱ्या बायका मला इन मिन सात-आठ भेटल्या. विचारल्यावर मान खाली घालून ‘हो’ म्हणणाऱ्या किती, त्याची गणतीच नाही. बद्धकोष्ठता कशाला म्हणायचं यासाठी जगभरचे डॉक्टर ‘रोम निकष’ वापरतात. त्यांच्या 2016 सालच्या चौथ्या आवृत्तीत बोटाची मदत लागणं हा एक निकष म्हणून चक्क छापलेला आहे. तुम्ही जे खोडलंत ते पाठ्यपुस्तकात आहे.

आणि तेच महत्त्वाचं आहे, कारण बद्धकोष्ठता हा एक आजार नाही. काहींचं मोठं आतडंच सुस्त असतं, माल पुढे सरकतच नाही. त्यांना चार-चार दिवस शौचाची आठवणही होत नाही. दुसऱ्या प्रकारात माल वेळेवर येतो, पण दार उघडत नाही. आपण जोर करतो त्याच क्षणी खालचे स्नायू सैल पडायला हवेत. या लोकांचे ते उलटे आवळले जातात. बटव्यातले पैसे बाहेर काढायला तो उलटा करून झटकायचा आणि त्याच वेळी नाडी ओढून धरायची, असा प्रकार. बायकांमध्ये बाळंतपणांनंतर मलाशयाची भिंत पुढे योनीमार्गाकडे फुगून तिथे मल अडकून बसतो, हे आणखी एक. आणि बऱ्याच जणांना आतडं सुस्त नाही, दारही ठीक, पण त्रास आहेच, असाही एक मोठा गट असतो. जुलाबाची औषधं बटव्याची नाडी सोडवत नाहीत. ती माल पातळ करतात, म्हणून चार दिवस निभावतं. तुमचं ‘चार दिवस गुण, मग पहिले पाढे’ मला त्यामुळेच ओळखीचं वाटलं.

या सहा-सात वर्षांत तुम्ही किती डॉक्टर केलेत ते लिहिलं नाहीत. तीन-चार तरी झाले असतील. त्यांपैकी कोणी हातमोजा चढवला होता का? मला उत्तर माहीत आहे असं वाटतं. डाव्या कुशीवर निजायचं, गुडघे पोटाशी जमतील तेवढे घ्यायचे. डॉक्टर वंगण लावलेलं एक बोट आत घालतात आणि सांगतात, शौचाला बसल्यासारखा जोर करा. स्नायू बोटावर सैल पडला की आवळला, ते तिथल्या तिथे कळतं. आत सुकलेला खडा आहे का, तेही कळतं. अर्ध्या मिनिटाचं काम, सहसा दुखत नाही, अवघड वाटतं एवढंच. बाई डॉक्टर हव्यात असं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि नर्स सोबत असलीच पाहिजे. ही तपासणी आपल्याकडे टळते कारण रुग्णाला लाज वाटते आणि डॉक्टरांना त्याहून जास्त. मग चिठ्ठीवर चौथं सिरप लिहिलं जातं.

बोटाने शंका आली तर पुढची पायरी फुग्याची. ऐकायला पोरखेळ वाटेल. बारीक नळीच्या टोकाला छोटा फुगा बांधतात, तो मलाशयात ठेवून त्यात 50 मिली कोमट पाणी भरतात, म्हणजे साधारण अर्धा कप चहाएवढं. मग पडद्यामागे कमोडवर बसायचं आणि फुगा बाहेर टाकायचा. बाहेर कोणीतरी स्टॉपवॉच धरून असतं. ज्यांचं दार नीट उघडतं ते साधारण मिनिटभरात मोकळे होतात. मी ज्या लॅबमध्ये होते तिथे आमची नर्स पडद्याबाहेर उभी राहून मुद्दाम मोठ्याने भाजीच्या भावाच्या गप्पा मारायची, आतल्या बाईला शांतता नकोशी होते म्हणून. काही बायका पाच-पाच मिनिटं बसायच्या आणि शेवटी म्हणायच्या, ‘नाही हो, हे घरच्यासारखंच झालं.’ तेच तर पाहायचं असतं. याच्या जोडीला मॅनोमेट्री करतात, म्हणजे दाब मोजणारी नळी घालून स्क्रीनवर आलेख बघतात. मोठ्या शहरांतल्या पोटविकार विभागांमध्ये दोन्ही होतं.

आतडं सुस्त आहे का ते बघायची रीतही साधीच आहे. क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक कड्या असलेल्या कॅप्सूल गिळायच्या आणि ठराविक वेळाने पोटाचा एक्स-रे काढून किती कड्या उरल्या ते मोजायचं. यात एक गंमत आहे. पाश्चात्त्यांच्या पद्धतीत 24 कड्या एकदाच देतात आणि एक्स-रे पाचव्या दिवशी. आपल्या लोकांचं आतडं त्यांच्यापेक्षा बरंच चपळ, त्यामुळे पाचव्या दिवशी आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांच्याही पोटात कडी उरत नाही आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. म्हणून लखनौच्या संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी वेगळं वेळापत्रक बसवलं. बारा-बारा तासांच्या अंतराने तीनदा 20-20 कड्या द्यायच्या आणि एक्स-रे 36 आणि 60 तासांनी काढायचा. उपकरण तेच, मोजायची वेळ बदलली. यंत्र कुठल्या माणसांवर तपासलंय हे विचारायला मी तेव्हापासून शिकले.

आता पट्ट्याकडे येते. तुमची भीती डमीची आहे. मला विचाराल तर त्या चाचणीबद्दल तुम्ही जे काही लिहिलंत त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे.

खूप वर्षांपूर्वी आम्ही बद्धकोष्ठतेसाठी घोट्याजवळच्या नसेला करंट देणाऱ्या एका यंत्राची चाचणी करत होतो. त्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. आठवड्यातून एकदा यायचे, खुर्चीत पाय सोडून बसायचे. पाचव्या आठवड्यात ते तुमच्याच गावचे कंदी पेढे घेऊन आले. दहा वर्षांत पहिल्यांदा लागोपाठ सहा दिवस पोट साफ झालं होतं. वॉर्डबॉयपासून सगळ्यांना पेढे. चाचणी संपली, पाकिटं उघडली, तर त्यांचं यंत्र डमी. मी स्वतः त्यांना सांगितलं. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग मला बरं केलं कोणी?”

प्रश्न रास्त होता. माणूस चाचणीत नाव घालतो तो त्रास कळसाला पोचल्यावर, आणि अशा दुखण्याला चढउतार असतोच, तो काही न करताही थोडा खाली येतो. त्यात आम्ही त्यांना वही दिली होती, रोज लिहायची. वही भरायची म्हणून ते रोज ठराविक वेळी बसायला लागले. दर सोमवारी आमच्या चाचणीत काम करणारी मुलगी फोन करून पाणी किती प्यालात विचारायची, म्हणून पाणी प्यायला लागले. करंट सोडून सगळं खरं होतं. यात त्यांना कोणी फसवलं नाही. पण त्यांच्या पेढ्यांवरून आम्ही ‘यंत्र चालतं’ असं छापलं असतं, तर पुढच्या हजार लोकांना मात्र फसवलं असतं.

हे आकड्यांत बघायचं असेल तर थरथरणाऱ्या कॅप्सूलचं उदाहरण घ्या. इस्रायलच्या एका कंपनीने ही गोळी काढली. त्यात औषध काहीच नाही, बारीक मोटर आहे. गिळल्यावर मोठ्या आतड्यात पोचून ती थरथरते, आतडं चाळवतं आणि गोळी शौचावाटे निघून जाते. महिनाभर जुलाबाची औषधं घेऊनही ज्यांना आराम नाही अशा प्रौढांसाठी अमेरिकेच्या एफडीएने तिला 2022 मध्ये मान्यता दिली. तिची मोठी चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. 163 जणांना थरथरणारी कॅप्सूल, 149 जणांना हुबेहूब तशीच पण मुकी, आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे. जुलाब न घेता, आपणहून आणि पूर्ण समाधान देणारी अशी आठवड्यात एक तरी शौच वाढली का, हे मोजलं. खऱ्या गोळीवर शंभरात 39 जणांची वाढली. मुक्या गोळीवर 22 जणांची. मुकी गोळी दिलीच नसती तर जाहिरात ‘चाळीस टक्के गुणकारी’ अशी झाली असती. थरथरीची स्वतःची कमाई सतरा. म्हणजे गोळी खोटी नाही, पण ती किती खरी आहे ते मुक्या गोळीने सांगितलं.

आणि कधीकधी डमी सगळं पितळ उघडं पाडतो. पाठीच्या खालच्या मणक्यांतून येणाऱ्या नसांना बॅटरीने चेतवणारं यंत्र शस्त्रक्रिया करून शरीरात बसवतात, लाखांतला खर्च. शौचावर ताबा नसलेल्यांना त्याचा उपयोग होतो. मग सुस्त आतड्यासाठीही ते बसवायला सुरुवात झाली आणि सुरुवातीच्या बातम्या फार गोड होत्या. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी चाचणी छापली. त्याच रुग्णांमध्ये काही आठवडे यंत्र चालू, काही आठवडे बंद, रुग्णाला पत्ता नाही. चालू आणि बंद यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ज्यांनी आधीच बसवून घेतलं होतं त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

तेव्हा ‘उंदीर’ या शब्दाबद्दल. उंदराला फॉर्म वाचायला देत नाहीत आणि ‘मी जातो’ म्हणून तो पिंजऱ्याबाहेर पडू शकत नाही. तुम्ही सहाव्या दिवशी पट्टा परत करून आलात तरी तुमच्या नेहमीच्या उपचारात काडीचा फरक पडता कामा नये, तसा नियमच आहे. खरं सांगू का, प्रयोग तुमच्यावर आधीच झालाय. 3,499 रुपयांच्या त्या पट्ट्याने तो केला. निकाल कोणी लिहून घेतला नाही आणि पैसे तुम्ही भरलेत, एवढाच फरक.

जायचं की नाही? जा, पण तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न हा विचारा : हा पट्टा कोणत्या प्रकारच्या बद्धकोष्ठतेसाठी आहे, आणि मी त्या प्रकारातली आहे हे तुम्ही कसं ठरवणार? आतड्याला चालना देणारा पट्टा बटव्याची नाडी सोडवेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. चाचणी नीट आखलेली असेल तर ते घेण्याआधी बोटाची तपासणी करतील, बहुधा फुग्याचीही, आणि दाराचा दोष निघाला तर तुम्हाला घेणारच नाहीत. तसं झालं तर नाराज होऊ नका. सात वर्षांत न झालेलं निदान फुकटात झालं समजा. उलट ‘पोट साफ होत नाही ना, मग करा सही’ एवढ्यावर घेत असतील तर चहा पिऊन परत या. सगळे प्रकार एका टोपलीत घातले की चांगला पट्टाही नापास होतो.

बाकी विचारायचं ते असं. चाचणीचा सीटीआरआय क्रमांक काय? ही आपल्या देशातली चाचण्यांची सरकारी नोंदवही, 2007 मध्ये सुरू झाली आणि जून 2009 पासून तिच्यात नोंद सक्तीची आहे. क्रमांक टाकला की चाचणी कोण करतंय, पैसा कोणाचा, किती जण घेणार, सगळं कोणालाही दिसतं. मुलीला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. फॉर्म मराठीत मागा. तुम्हाला कळणाऱ्या भाषेत तो देणं त्यांना बंधनकारक आहे, उपकार नाही. चौदा पानं तिथे टेबलावर सही करण्यासाठी नसतात, घरी आणून वाचायची असतात. त्यात नीतिसमितीचा, म्हणजे चाचणीतल्या रुग्णांच्या हिताकडे बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर आहे का बघा. चाचणीतल्या यंत्राचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण करणार ते लिहिलेलं असतं, नसलं तर सही करू नका. सातारा-पुणे जाण्यायेण्याचा खर्च देणार का, तेही बिनदिक्कत विचारा. चार दिवस झालंच नाही तर मध्ये कुठलं औषध चालेल? आणि शेवटी डमीवाल्यांना खरा पट्टा वापरायला देणार का? बऱ्याच ठिकाणी देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. पेसमेकर असेल तर विजेचा पट्टा नकोच. तुमच्या गुडघ्यांतल्या कृत्रिम सांध्यांबद्दल मात्र आवर्जून सांगा.

या क्षेत्रात रुग्ण मिळणं किती अवघड आहे, तेही ऐका. इंग्लंडमध्ये गुदमार्गातून पाणी घालून आतडं धुण्याच्या दोन पद्धतींची तुलना करायची होती. 300 जण हवे होते, 65 मिळाले. त्यामुळे कुठली पद्धत सरस ते ठरवताच आलं नाही. गुडघ्याच्या चाचणीला माणसं रांग लावतात. इथे येऊन बोलायचं म्हटलं की ओळ खोडतात.

आता समजा फुग्याच्या तपासणीत दाराचाच दोष निघाला. मग तुमच्यासाठी पट्ट्यापेक्षा चांगलं तपासलेलं यंत्र आधीच आहे, त्याचं नाव बायोफीडबॅक. मलाशयात बोटाएवढी नळी ठेवतात आणि तुमच्या स्नायूचा आवळ-ढील समोरच्या स्क्रीनवर रेषेत दिसतो. जोर करताना रेषा खाली यायला हवी. तुमची वर जाते. ती खाली कशी आणायची हे बघत बघत शिकायचं, पोहायला शिकल्यासारखं. शिकलेलं अंगात मुरतं, मग यंत्राची गरज राहत नाही. 2006 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी याच दोषाच्या 109 रुग्णांत एका गटाला बायोफीडबॅकच्या पाच बैठका दिल्या, दुसऱ्या गटाला रोज जुलाबाची पावडर. सहा महिन्यांनी बायोफीडबॅकवाल्यांत शंभरात ऐंशी जणांना चांगला आराम होता, पावडरवाल्यांत बावीस जणांना. आपल्याकडे अडचण यंत्राची नाही, शिकवणाऱ्या माणसाची आहे. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट पुण्या-मुंबईत आहेत, साताऱ्यात चौकशी करावी लागेल.

मुलीने पाठवलेल्या पट्ट्याचं काय? तिच्या प्रेमाबद्दल शंका नाही. खोकं वाचून बघा. बहुतेक ‘आराम’, ‘मसाज’, ‘फिटनेस’ असं छापलेलं असेल आणि पोट साफ होण्याची गोष्ट फक्त जाहिरातीच्या व्हिडिओत असेल. उपचाराचा दावा खोक्यावर केला की ते वैद्यकीय उपकरण ठरतं आणि 2018 पासून लागू असलेल्या वैद्यकीय उपकरण नियमांत येतं, मग परवाना आला, कागद आले. म्हणून खोकं गप्प आणि व्हिडिओ बडबड्या. परवाना क्रमांक असला तरी उपकरण गुणकारीच आहे असा त्याचा अर्थ होत नाही, पण तोही नसेल तर बोलायलाच नको. ही चलाखी जुनीच आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बद्धकोष्ठतेवर म्हणून गुदद्वारात घालायच्या चार मापांच्या खुंट्यांचा संच विकला जायचा, लहानापासून मोठ्यापर्यंत. अशा उपकरणांवर तिथला केंद्रीय कायदा आला 1938 मध्ये, मग तो माल जप्त झाला. तोवर चाळीसेक वर्षं लोकांनी तो घेतलाच होता. थरथरणारा पट्टा निदान बाहेरून बांधायचा आहे. पाठदुखीला वापरा.

आता मला खरं खुपलेलं एक. तुमचा त्रास वाढला तो ऑपरेशननंतर, आणि ऑपरेशननंतर तुमच्या घरात नक्की एक यंत्र आलं असणार, ते म्हणजे कमोड. आयुष्यभर उकिडवं बसलेल्या माणसाला एकदम खुर्चीवर बसवलं की मलाशयाचा कोन बदलतो, तो पुरेसा सरळ होत नाही. पायाखाली स्टूल घेऊन बसण्याचा एक अभ्यास अमेरिकेतल्या ओहायोमध्ये झाला, 2019 मध्ये छापून आला. 52 धडधाकट माणसं, चार आठवडे. दहांतल्या नवांना कमी कुंथावं लागलं. आता, ही माणसं रुग्ण नव्हती आणि डमी स्टूल कसं असणार, त्यामुळे वरच्या न्यायाने हा पुरावा कच्चाच. पण तुमच्या घरी देवघराजवळ पाट असेलच. त्याला तीन हजार रुपये पडत नाहीत. गुडघ्यांच्या डॉक्टरांना फोन करून किती वाकवणं चालेल ते विचारा, ते म्हणतील त्या बेताचा पाट कमोडपुढे ठेवा, पाय त्यावर, कोपरं मांडीवर, किंचित पुढे झुकून बसा. चहानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, आणि दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. तास नाही. यजमानांना कडी वाजवण्याऐवजी घड्याळ लावायला सांगा.

ऑपरेशननंतर सुरू झालेल्या गोळ्याही डब्यातून काढून टेबलावर मांडा. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, आणि ट्रॅमाडॉल असलेली दुखण्याची गोळी, या तिन्ही पोट बांधतात. आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांपुढे ठेवा. थायरॉइड आणि साखर या वर्षात तपासली नसेल तर तपासा. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, हिमोग्लोबिन कमी आलं असेल किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर पट्टा, फुगा, पाट सगळं बाजूला ठेवून आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी.

गुरुवारपर्यंत एक काम करा, शाळेची वही घ्या आणि रोज चार रकाने भरा. किती वाजता, किती मिनिटं, मल कसा होता (सुक्या लेंड्या, भेगांचा, मऊ, पातळ, एवढं पुरे), आणि चौथ्या रकान्यात जे तुम्ही खोडलंत ते. तिथे शब्द लिहायचा नसेल तर नुसती फुली करा, डॉक्टरांना कळतं. आणि त्या दिवशी हॉस्पिटलात जायचं म्हणून आदल्या रात्री चूर्ण घेऊन पोट धुऊन जाऊ नका. सगळे जातात, घरी पाहुणे यायचे म्हणून केर काढावा तसे. हॉस्पिटलने मुद्दाम एनिमा घ्यायला सांगितला असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर आहे तशा जा. बोटाला जे सापडायचं ते सापडू दे.